गलबतामागची होडी

गेल्या अंकीं या सदरांत भरती-ओहोटीच्या कोष्टकांसंबंधीं आम्हीं जें लिहिलें, त्यावर सानपाड्याहून एक मोठें पत्र आलें आहे. लिहिणारे गृहस्थ तिघां भावांतील मधले. तिघेही आपल्या बायकामुलांसह व वृद्ध मातोश्रींसह एकाच घरीं राहतात, आणि तिघांनीं मिळून एक जुनी, बत्तीस फूट लांबीची शिडाची सफरी नौका घेतली आहे. ती मुंबई बंदरांत अपोलो बंदरासमोर नांगरलेली असते. येत्या नाताळच्या सुटींत घरांतील सर्व मंडळींनीं पाळीपाळीनें तिच्यांतून मालवणपर्यंत जावें असा बेत आहे. पत्राचीं पहिलीं चार पानें शिडें, डोलकाठी, होकायंत्र, नांगर आणि स्वयंपाकाची शेगडी यांच्या चर्चेनें भरलीं आहेत. पांचव्या पानाच्या तळाशीं एकच ओळ आहे: उरलेल्या पैशांत एखादी लहानशी होडीही घ्यावी म्हणतों, ती कोणती घ्यावी? आणि तिच्याखालीं निराळ्या, जुन्या वळणाच्या अक्षरांत ताजा कलम आहे. तो मातोश्रींचा. त्या विचारतात, "जेथें धक्का नाहीं तेथें मीं उतरावयाचें कसें?"

चिरंजीवांच्या चार पानांपेक्षां मातोश्रींचा हा एक प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. म्हणून या महिन्यांत गलबताविषयीं न लिहितां त्याच्या मागून येणाऱ्या होडीविषयींच लिहावें असें आम्हीं ठरविलें आहे. आमच्या बहुतेक वाचकांच्या दारीं गलबत नाहीं हें आम्ही जाणतों. परंतु ज्यांचे आजोबा-पणजोबा कोकणांतून आगबोटीनें मुंबईस आले अशीं कुटुंबें आमच्या वाचकवर्गांत थोडीं नाहींत, आणि त्या घरांतून ही कथा ऐकलेली असणारच. आगबोट बहुतेक बंदरांत किनाऱ्यास लागत नसे. ती दूर खोल पाण्यांत उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव तिच्याकडे येत. ट्रंका, वळकट्या, आंब्यांच्या करंड्या, तान्हीं मुलें आणि सोंवळें सांभाळणाऱ्या आजीबाई हें सर्व पडावांतून आगबोटीवर आणि आगबोटीवरून पडावांत जाई. लाट पडावास वर उचली, क्षणभर दोन्ही काठ जुळत, आणि खलाशी हात धरून ओरडे, "आतां!" त्या क्षणीं ज्याचें पाऊल चुकलें त्याची हकीकत घरांत तीन पिढ्या सांगितली जाई. त्या प्रवासांत माणसें भ्यालीं तीं आगबोटीस नव्हेत, पडावास. आजच्या सफरी नौकेची गोष्टही याहून निराळी नाहीं. गलबतावर माणूस सावध असतो, दोर धरून चालतो, आभाळाकडे पाहतो. होडींत उतरतांना मात्र "हा काय, पन्नास वाव तर जावयाचें" असें म्हणून तो सर्व सावधपणा वर ठेवून येतो.

पण तीं पन्नास वाव टळत नाहींत, याचें कारण आपल्या किनाऱ्याच्या घडणींत आहे. सफरी नौकेच्या पोटाखालीं शिसें किंवा लोखंड भरलेला जड भाग पाण्यांत उतरलेला असतो. त्यामुळें तिला तरंगावयास पांच-सहा फूट पाणी लागतेंच. इकडे मुंबईच्या बंदरांत व ठाण्याच्या खाडींत उधाणाच्या दिवशीं भरती व ओहोटी यांच्या पातळींत चार मीटरांहून अधिक अंतर पडतें. सानपाड्याच्या मंडळींस हें पहावयास दूर जावयास नको. पामबीच रस्त्यापलीकडे सकाळीं खारफुटीच्या फांद्यांशीं पाणी खेळत असतें, आणि दुपारीं तेथेंच चिखलाचें मैदान पडून त्यावर रोहित पक्षी चरतांना दिसतात. वाशी-सारसोळ्याचे कोळी आपल्या लहान होड्या पाण्याच्या चालीनें नेतात व पाण्याच्या चालीनें आणतात. घड्याळ त्यांस त्या मानानें उपयोगाचें नाहीं. दक्षिणेस गेलें तर खाड्यांच्या मुखांशीं वाळूचे बांध आहेत आणि त्यांपलीकडे उघड्या पुळणी आहेत. हर्णैच्या किनाऱ्यावर मोठ्या मासेमारी नौका पाण्यांत दूर उभ्या राहत आल्या आणि मासळी लहान होड्यांतून व बैलगाड्यांतून कांठावर येत आली. मोठें गलबत जितकें चांगलें, तितकें तें किनाऱ्यापासून दूर राहणार. आणि तितकी होडीची गरज अधिक.

इंग्रज लोक या होडीस डिंगी म्हणतात. हा शब्द त्यांनीं आपल्याच देशांतून, हिंदी-बंगालींतून, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं उचलला. शब्द येथला, वस्तूही येथली, आणि आपण मात्र ती विलायती यादींतून निवडावयास बसतों! लहान होडीचा उपहास करणाऱ्यांनीं थळसमोरून जातांना खांदेरीकडे अवश्य पहावें. १६७९ सालीं शिवाजीमहाराजांनीं तें बेट बांधावयास घेतलें तेव्हां इंग्रजांचीं मोठीं जहाजें तें अडवून उभीं होतीं. परंतु वारा पडला कीं तीं जागच्या जागीं खिळून राहत आणि मराठ्यांच्या उथळ तळाच्या होड्या वल्हीं मारीत रात्रीच्या काळोखांत त्यांच्या नाकासमोरून बेटास रसद पोंचवीत. बेट शेवटीं मराठ्यांकडेच राहिलें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. होडी निवडतांना बाजारांत कोणत्या आहेत हें आधीं पाहूं नये. तिच्यांत कोण बसणार, ती कोठें लागणार, आणि रात्रीं ती कोठें निजणार, या तिहींचीं उत्तरें घरांत बसून आधीं द्यावींत.

कोण बसणार, याचें उत्तर एकत्र कुटुंबांत नेहमींच "सगळे" असें येतें. तें खरें मानूं नये. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा लहान होड्यांसाठीं एक सोपा हिशेब आहे: लांबी व रुंदी फुटांत मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि त्यास पंधरांनीं भागावें, जो पूर्णांक येईल तितकीं माणसें. आठ फूट लांब व चार फूट रुंद अशा होडींत या हिशेबानें दोन माणसें बसतात. दहा फूट लांब व पांच फूट रुंद होडींत तीन. हाही हिशेब शांत पाण्याचा आहे. ज्या होडीवर कारखान्याची पाटी असेल तिनें त्या पाटीप्रमाणें चालावें. आमच्या पत्रलेखकांच्या घरीं लहानमोठीं अकरा माणसें आहेत. तात्पर्य, अनेक खेपा कराव्या लागतील, आणि त्या करण्याची तयारी आधींच ठेवावी. एका खेपेंत सर्वांस नेण्याचा उत्साह हा या विषयांतील सर्वांत मोठा शत्रु होय.

होडीच्या जाती पुष्कळ, पण त्या मुख्यतः दोन. एक कठीण अंगाची, लांकडाची किंवा फायबरग्लासची. दुसरी हवा भरून फुगवावयाची. कठीण होडी वल्ह्यांनीं सरळ चालते, खडकास घासली तरी टिकते, उन्हास भीत नाहीं, आणि तिला लहानसें शीड लावलें तर मुलांस शिकावयास तिच्यासारखा गुरु नाहीं. जगभर मुलें ज्या होडींत शीड शिकतात ती ऑप्टिमिस्ट ही १९४७ सालीं अमेरिकेंत फ्लॉरिडा प्रांतांत क्लार्क मिल्स यानें आंखलेली. ती आठ फुटांहूनही थोडी आंखूड आहे. कठीण होडीचा दोष असा कीं ती डगमगते. काठावर पाय दिला कीं कलंडते. आपल्या मालवण-रत्नागिरीकडील होड्यांस बाजूला उलांडी लावतात ती याच दोषावरील तोड होय. पण उलांडीची होडी गलबतावर ठेवणार कोठें?

फुगविलेली होडी उलट स्वभावाची. तिच्या कांठाच्या नळ्यांत हवा असल्यामुळें ती सहसा कलंडत नाहीं, गलबतास लागली तर रंग खरवडत नाहीं, आणि वृद्धांस तिच्यांत उतरणें पुष्कळ सोपें जातें. पण वल्ह्यांनीं ती नीट चालत नाहीं. समोरून वारा असला तर बलवान पुरुषही थकतो. कालवांच्या धारेनें ती फाटते, आणि आमचें कोकणचें ऊन तिला खाऊन टाकतें. पीव्हीसीची असेल तर लौकर, हायपॅलॉन नांवानें ओळखल्या जाणाऱ्या रबरी कापडाची असेल तर पुष्कळ उशिरां. दुसरी महाग असते. आपल्या हवेंत तीच अखेर स्वस्त पडते असें आमचें मत आहे. आणि कोणतीही घेतली तरी तिला जाड सुती कापडाची खोळ घरींच शिवून घालावी. खोळ हें काम बाजारावर सोंपवूं नये. गाद्यांच्या खोळी शिवणाऱ्या हातांस ही अवघड नाहीं.

या दोहोंच्या मधली एक जात आहे. तळ कठीण आणि कांठास हवेच्या नळ्या. तिचा इतिहास मौजेचा आहे. वेल्समधील अटलांटिक कॉलेज या विद्यालयांत १९६० नंतरच्या दशकांत तेथील मुख्याध्यापक, निवृत्त आरमारी अधिकारी डेस्मंड होर, आणि त्यांचे विद्यार्थी यांनीं समुद्रांतील माणसें वांचविण्याच्या कामासाठीं ती घडवीत नेली. आज जगांतील किनाऱ्याकिनाऱ्यावर बचावपथकें तशाच होड्या वापरतात. त्याच विद्यालयाच्या परिवारांतील एक शाळा १९९७ पासून आपल्या पुण्याजवळ मुळशीकडे आहे, हें वाचकांस ऐकून आनंद होईल. सामान्य कुटुंबाच्या नौकेस मात्र ही जात बहुधा जड पडते.

जड म्हणजे किती, हें ठरवितांना शरीरास विचारावें. जी होडी घरांतील दोन मोठीं माणसें, त्यांत एक स्त्री असली तरी, भरतीच्या रेषेवर ओढून नेऊं शकत नाहींत ती होडी त्या घराची नव्हे. बत्तीस फुटी नौकेस साडेसात ते नऊ फुटांची होडी पुरे. याहून मोठी घेणारे पुढें ती बंदरांतच ठेवून जातात असें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे.

मोटरीविषयीं थोडक्यांत सांगतों. दोन-तीन अश्वशक्तीची लहान आउटबोर्ड मोटर तेरापासून अठरा किलो भरते, आणि ती हलत्या गलबतावरून हलत्या होडींत हातांहातीं देणें हें नाजूक काम आहे; ती दोरीस बांधल्याशिवाय कधीं देऊं नये. अलीकडे विजेच्या मोटरी आल्या आहेत. त्यांची बॅटरी वेगळी निघते, म्हणून त्या उचलावयास सोप्या. कोणतीही असो, तिच्याबरोबर एक लाल दोरी मिळते, जी ओढली जातांच मोटर बंद पडते. ती दोरी चालविणाऱ्याच्या पायास अडकविलेलीच असली पाहिजे. कारण माणूस पाण्यांत पडला आणि होडी चालूच राहिली, तर ती गोल फिरून फिरत्या पंख्यानिशीं त्याच्यावरच येते. पदर, ओढणी, धोतराचा सोगा यांविषयींही हेंच: पाण्यावर लोंबतां कामा नयेत. नऊवारीचा कांसोटा या कामीं पांचवारीपेक्षां शतपटीनें बरा, हें आमच्या तरुण भगिनींस आवडो वा न आवडो. आणि मोटर घेतली तरी वल्हीं घरीं ठेवूं नयेत. मोटर बंद पडते ती नेहमीं ओहोटीस लागलेल्या खाडीच्या मुखाशींच.

आतां मातोश्रींचा प्रश्न. प्रथम गलबतावरून होडींत येणें. होडी पुढून व मागून अशी दोन दोऱ्यांनीं गलबतास आंवळून बांधावी. एका दोरीवर ती फिरते आणि पायाखालून निघून जाते. एकानें होडींत आधीं उतरून बसावें, उभें राहूं नये. उतरणाऱ्यानें हातांत कांहींही घेऊं नये. पिशवी, चष्म्याचें घर, देवाची डबी, सर्व मागून येईल. पाऊल होडीच्या मध्यावर टाकावें, काठावर नव्हे, आणि टाकतांच बसावें. लाट होडीस वर आणते तेव्हां उतरावें, खालीं जात असतां नव्हे. जुन्या पडावांतील खलाशाचें "आतां!" याचसाठीं होतें, आणि आजही तें एकानेंच म्हणावें. चौघे मुलगे चार बाजूंनीं सूचना करूं लागले तर मातोश्रींनीं खुशाल वरच बसून रहावें.

यानंतर किनारा. हिंवाळ्यांत पहांटेपासून सकाळपर्यंत जमिनीवरून मतलई वारा वाहतो आणि पुळणीवर पाणी बहुधा शांत असतें. दुपारीं खारा वारा वायव्येकडून उठला कीं त्याच पुळणीवर फेस फुटूं लागतो. म्हणून उतरावयाचें तें सकाळीं, आणि परतावयाचें तें वारा चढण्यापूर्वीं किंवा सायंकाळीं तो पडल्यावर. जेथें खाडी आहे तेथें उघड्या पुळणीचा मोह सोडून आंत शिरावें. दाभोळास वाशिष्ठी, जयगडास शास्त्री, विजयदुर्गास वाघोटण, अशीं निवाऱ्याचीं पाणीं आपल्या किनाऱ्यास दर मजलेला मिळतात. पुळणीवर जाणें भागच असेल तर फुटणाऱ्या लाटांच्या बाहेर थांबून त्या पांच-सात मिनिटें पहाव्या. मोठ्या लाटा गटानें येतात व मागून थोडी शांतता असते. त्या शांततेंत, मोटर वर उचलून, वल्ह्यांनीं, होडी लाटेशीं काटकोनांत ठेवून आंत जावें. होडी आडवी झाली कीं उलटली. तळ लागतांच ज्यांनीं उडी टाकावयाची त्यांनीं बाजूनें टाकावी. होडी व जमीन यांच्यामध्यें कोणीही उभें राहूं नये. मागून येणारी लाट ती होडी उचलून त्या माणसावर आणते, आणि पाण्यानें भरलेल्या आठ फुटी होडीचें वजन अर्ध्या टनाहून अधिक होतें.

जेथें फेस दिसतो तेथें उतरण्यास नकार देण्याचा मातोश्रींस पूर्ण अधिकार आहे, आणि तो त्यांनीं वापरावा. गांवांतील होडीवाल्यास हांक मारून त्याच्या होडींतून उतरणें यांतही कांहीं कमीपणा नाहीं. मालवणच्या खडकांतील वाट तेथल्या तांडेलास पायांखालची आहे. ती आपल्या नकाशावरून शोधीत बसण्यापेक्षां त्याचें भाडें द्यावें.

होडींत बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर लाइफजॅकेट हवें. पोहतां येवो वा न येवो, गलबत दहा हातांवर असो वा शंभर. १७ जुलै १९४७ रोजीं रेवसास निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं, ती मुंबईहून फार दूर गेलेली नव्हती. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेटवेहून घारापुरीस जाणारी प्रवासी नौका नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसून बुडाली आणि डझनाहून अधिक माणसें मरण पावलीं, तीही या बंदराच्या आंतच. आपल्या मुलांच्या मापाचीं जॅकेटें आपलीं आपण घ्यावीं. मोठ्यांच्या मापाच्या जॅकेटांतून लहान मूल खालून निसटतें. रात्रीं मेजवानीहून परततांना, आणि ज्या घरांत कांहीं उन्मादक पेयांचा प्रघात शिरला असेल त्या घरांत विशेषच, हा नियम दुप्पट पाळावा.

होडी गलबतामागें बांधून ओढीत न्यावी कीं वर उचलून घ्यावी, हा वाद दर्यावर्दी लोकांत जुना आहे. आमचें मत स्पष्ट आहे: खाडींत व बंदरांत ओढावी, उघड्या समुद्रांत उचलावी. ओढणें सोपें दिसतें, कारण तें निघतांना सोपें असतें. बंदरांतून बाहेर पडतांना होडी गाईमागच्या वासरासारखी मुकाट्यानें येते. चार तासांनीं वारा मागून येऊं लागला कीं तिचा स्वभाव पालटतो. लाटेच्या उतारावरून ती घसरत येऊन गलबताच्या पिछाडीस ढुसण्या देते, मग दावें सैल पडून एकाएकीं ताठतें, आणि त्या हिसक्यानें कडी उपटते किंवा दोर तुटतो. दोर तुटला नाहीं तर होडींत पाणी भरतें, आणि तो अर्धा टन गलबताच्या शेपटीस लटकूं लागतो. फुगविलेली होडी वाऱ्याच्या एका झोताबरोबर उलटी होते. तिच्यावर मोटर तशीच ठेवलेली असेल तर ती समुद्रास अर्पण झालीच म्हणून समजावें.

तरीही ओढावयाचीच असेल तर कांहीं गोष्टी पाळाव्या. दावें एक नको, दोन असावींत, आणि तीं होडीच्या दोन वेगळ्या कड्यांस बांधावींत. दोर पाण्यावर तरंगणारा असावा. बुडणारा दोर गलबताच्या पंख्यांत गुंततो, आणि असें होतें तें नेमकें बंदरांत शिरतांना, चार लोक पाहत असतां. लांबी ठरवितांना मागें उठणाऱ्या लाटा पहाव्या, आणि होडी लाटेच्या पुढच्या उतारावर न राहतां पाठीकडच्या उतारावर राहील इतका दोर सोडावा. मग ती पुढें धांवत नाहीं. फुगविलेली होडी याच्या उलट अगदीं जवळ, तिची नाळ उचलून गलबताच्या पिछाडीस टेंकेल अशी बांधावी. वल्हीं, मोटर, पेट्रोलचा डबा, मुलांच्या चपला, सर्व आधीं वर घ्यावें. बंदर जवळ आलें कीं दोर आंखूड करावा. ओढलेल्या होडींत माणूस बसवूं नये, "बाबा, आम्ही मागच्या होडींत बसूं का?" या प्रश्नास एकच उत्तर आहे.

वर ठेवण्याच्या जागा तीन. पहिली, डोलकाठीच्या पुढें, पालथी. ही सर्वांत सुरक्षित. पण पुढें शीड बदलावयास गेलेल्या माणसाच्या पायांत ती येते, आणि नांगराची सांखळी तिच्याखालीं अडकणार नाहीं हें पहावें लागतें. दुसरी, खोलीच्या छपरावर, शिडाच्या आडव्या काठीखालीं. येथें ठेवली तर समोरचें दिसतें कीं नाहीं हें सुकाणूं धरणाऱ्यानें बसून पहावें. तिसरी, पिछाडीस दोन लोखंडी हातांवर टांगून. ही दिसावयास फार ऐटदार आणि खाड्यांत फार सोयीची. परंतु पाठीमागून मोठी लाट आली तर टांगलेली होडी हौदासारखी भरते आणि ते लोखंडी हात वांकवून टाकते. तिच्या तळाचें बूच काढून ठेवावें म्हणजे पाणी राहणार नाहीं. (आणि खालीं सोडण्यापूर्वीं तें परत लावावें, हें आम्ही मुद्दाम लिहितों.) बत्तीस फुटी नौकेस आम्हीं फुगविलेली होडी सुचवितों त्याचें खरें कारण हेंच कीं लांबच्या मजलेस तिच्यांतील हवा सोडून, गुंडाळून, बाहेरच्या कपाटांत टाकतां येतें, आणि वरचा सगळा पट मोकळा राहतो. हवा भरण्याचे श्रम पडतात; पण घरांत तरुण पुतणे आहेत.

जागेच्या या अडचणीवर सर्वांत सरस युक्ति काढली ती जोशुआ स्लोकम यानें. १८९५ ते १८९८ या काळांत सदतीस फुटांच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. ग्लॉस्टर बंदरांत त्याला हवी तेवढी लहान होडी मिळेना, तेव्हां त्यानें मासेमारीची एक अखंड होडी घेतली, करवतीनें मधोमध कापली, कापलेल्या तोंडास फळ्या ठोकल्या आणि ती अर्धी होडी आपल्या नौकेवर आडवी ठेवली. ती बरोबर मावली. शिवाय कपडे धुवावयास व स्नानास त्यानें तिचाच हौद केला. संसारी बुद्धि म्हणतात ती हीच. मनुष्य एकटाच होता ही गोष्ट निराळी.

होडी म्हणजे जीव वांचविण्याचा फुगता तराफा नव्हे; तो वेगळा घ्यावा लागतो. पण होडी नीट असली तर तराफा निकामी झाल्यावरही ती उभी राहते, याचें उदाहरण एका कुटुंबाचेंच आहे. डूगल रॉबर्टसन हा इंग्लंडांत शेती करणारा जुना दर्यावर्दी. तो, त्याची पत्नी लिन, थोरला मुलगा, दोन जुळे धाकटे मुलगे आणि एक तरुण पाहुणा अशीं सहा माणसें पॅसिफिक महासागरांत गलापागोस बेटांच्या पश्चिमेस असतां, १५ जून १९७२ रोजीं देवमाशांच्या जातीच्या क्रूर ओर्का माशांनीं त्यांच्या नौकेचा तळ फोडला. नौका एखाद-दोन मिनिटांतच बुडाली. त्यांच्याजवळ फुगता तराफा होता आणि साडेनऊ फुटांची फायबरग्लासची होडी होती. सोळा-सतरा दिवसांनीं तराफ्यानें दगा दिला, आणि नंतर तीं सहाही माणसें त्या एवढ्याशा होडींत आलीं. एकजण हलला तरी पांचांनीं तोल सांवरावा, अशा स्थितींत त्यांनीं उरलेले दिवस काढले. पावसाचें पाणी साठविलें, कासवांवर निर्वाह केला, आणि अडतिसाव्या दिवशीं, २३ जुलै रोजीं, एका जपानी मासेमारी जहाजानें त्यांस उचललें. सहाही जिवंत. ती होडी घेण्यास लिनच्या बहिणीनें पैसे दिले होते आणि तिच्याच नांवावरून होडीचें नांव एडनामेर ठेवलें होतें. वरील हिशेबानें तिच्यांत तिघांहून अधिक माणसें बसूं नयेत. तें खरेंच आहे. त्या कुटुंबास निवड नव्हती.

या घरांत होडी उरलेल्या पैशांतून आली नव्हती, एवढेंच आम्ही सानपाड्याच्या बंधूंस दाखवूं इच्छितों. त्यांनीं शेगडीचा विलायती नमुना तूर्त बाजूस ठेवावा, सुमारें साडेआठ फुटांची, हायपॅलॉनची, फळ्यांच्या तळाची फुगती होडी घ्यावी, आणि नाताळपूर्वीं तीन-चार रविवार बंदराच्या निवाऱ्यांतच घरांतील प्रत्येकास, सुनांस व मुलींस धरून, वल्हीं मारावयास बसवावें. मातोश्रींनीं त्या दिवशीं काठावर बसून न पाहतां दोनदां उतरून चढून पहावें. चढ-उतरीसाठीं दोन पायऱ्यांची लहान दोरशिडी कोणताही होडीवाला करून देतो. होडींत कायमचें म्हणून पाणी उपसण्याचें भांडें दोरीस बांधलेलें, एक लहान नांगर, पंप, ठिगळाचें साहित्य, शिटी आणि रात्रीसाठीं विजेरी असावी. होडीवर गलबताचें नांव घालूं नये. तें वाचून चोरास कळतें कीं मालक किनाऱ्यावर गेले आहेत व गलबत रिकामें आहे. दुसरें कांहीं नांव घालावें. नातवंडांस विचारलें तर दहा मिळतील. रात्रीं ती पाण्यावर सोडून निजूं नये. शीड चढविण्याच्या दोरानें तीन कड्यांस धरून गलबताच्या बाजूस हातभर वर उचलून बांधावी. म्हणजे ती चोरीस जात नाहीं, तळाशीं शेवाळ व कालवें धरत नाहींत, आणि भरती फिरल्यावर रात्रभर गलबतास ठोकून कोणाची झोंप मोडत नाहीं.

नांगर व त्याची सांखळी किती असावी याविषयीं त्यांनीं आणि दुसऱ्या दोघां वाचकांनीं विचारलें आहे. त्यास पुढील अंकीं उत्तर देऊं.